स्टोरेजमधली कॉपी स्टोरेजलाच करू द्यावी : लहान कारखान्याच्या सर्व्हर खोलीसाठी कॉपी ऑफलोडची मांडणी

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव, शिरोली किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीतील मध्यम आकाराच्या फाउंड्रीत आणि मशीनशॉपमध्ये आता पुष्कळदा एकच मांडणी दिसते. दोन-तीन सर्व्हर असतात, त्यांवर ईआरपी (हिशेब-उत्पादनाची एकत्रित प्रणाली), ड्रॉइंगचे भांडार आणि हजेरीची व्यवस्था चालवणारी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले संगणक, असतात, आणि या सगळ्यांचा डेटा एका सामाईक स्टोरेज पेटीत असून ती साध्या एक गिगाबिटच्या स्विचवरून आयस्कझीने, म्हणजे नेटवर्कवरून डिस्कच्या आज्ञा नेण्याच्या पद्धतीने, जोडलेली असते. रोजच्या कामाला ही मांडणी पुरते. ईआरपीची नवी आवृत्ती तपासण्यासाठी चालू मशीनची हुबेहूब प्रत हवी असली, किंवा एका लनवरचा (पेटीने सर्व्हरला स्वतंत्र डिस्क म्हणून दिलेल्या भागावरचा) डेटा दुसऱ्या मोठ्या लनवर हलवायचा असला, की मात्र तिचा कमकुवत भाग उघडा पडतो, आणि कॉपी सुरू होताच बिलिंगच्या टेबलावरून फोन यायला लागतात.

याचे कारण हिशेबातच आहे. एक गिगाबिटची वाट सैद्धांतिकदृष्ट्या सेकंदाला १२५ एमबी नेते, प्रत्यक्षात साधारण ११० एमबी हाती लागतात. त्या वेगाने ५०० जीबीच्या मशीनची प्रत काढायला सव्वा तास लागतो, आणि त्या सव्वा तासात प्रत्येक ब्लॉक (डेटाचा ठरावीक आकाराचा तुकडा) स्टोरेजमधून स्विचवरून सर्व्हरपर्यंत येतो, सर्व्हरच्या मेमरीत क्षणभर थांबतो आणि त्याच वाटेने त्याच पेटीत परत जातो. शाहू मार्केट यार्डातल्या एखाद्या गोदामात पूर्वेकडच्या भिंतीचे गुळाचे रवे पश्चिमेकडच्या भिंतीला लावण्यासाठी ते ट्रकमध्ये भरून शिरोली नाक्यापर्यंत फिरवून आणावेत, तसाच हा प्रकार आहे.

कॉपी ऑफलोड म्हणजे ही फेरी टाळणे. सर्व्हर डेटा न मागता पेटीला फक्त एवढेच सांगतो की या लनच्या अमुक ब्लॉकपासून इतके ब्लॉक त्या लनच्या तमुक ब्लॉकपासून पुढे लिहावेत. पेटी ते काम आतल्या आत करते आणि झाल्याचे कळवते. स्कझीमध्ये, म्हणजे डिस्कशी बोलण्याच्या जुन्या प्रमाण आज्ञासंचात, यासाठी एक्स्टेंडेड कॉपी ही आज्ञा आहे, जिला सगळे एक्सकॉपी म्हणतात आणि जिचा क्रमांक हेक्साडेसिमलमध्ये ८३ आहे. तिच्या जोडीला ८४ क्रमांकाची रिसीव्ह कॉपी रिझल्ट्स ही आज्ञा येते. कॉपीची स्थिती आणि पेटीच्या मर्यादा तिच्याकडून विचारता येतात. व्हीएमवेअरने २०१० साली व्हीस्फिअर ४.१ मध्ये व्हीएएआय या नावाखाली एक्सकॉपीचा उपयोग सुरू केला. मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये ओडीएक्स आणले, ज्याची पद्धत थोडी निराळी आहे. तेथे सर्व्हर आधी पेटीकडून त्या डेटाचे प्रतिनिधित्व करणारे ५१२ बाइटचे टोकन घेतो आणि मग तेच टोकन दाखवून दुसऱ्या ठिकाणी लिहायला सांगतो. म्हणून एखादी पेटी एक्सकॉपी समजते यावरून ती ओडीएक्सही समजते, असे गृहीत धरता येत नाही. एनव्हीएमई या एसएसडीसाठीच्या नव्या आज्ञासंचातही कॉपीची आज्ञा आहे, पण २०२१ च्या २.० आवृत्तीत ती आली तेव्हा एकाच नेमस्पेसच्या (लनसारख्या भागाच्या) आत कॉपी करत होती, त्यामुळे आयस्कझीच्या दोन लनमधली सोय तेथे तशीच मिळेल असे मानून खरेदी करू नये.

विक्रेत्याच्या माहितीपत्रकात सहसा न सापडणारी एक बाब येथेच सांगणे योग्य ठरेल. ऑफलोडमुळे वाचतो तो नेटवर्कचा आणि सर्व्हरच्या प्रोसेसरचा भार. डिस्कचा भार वाचतोच असे नाही. ज्या पेट्या प्रत काढताना फक्त अंतर्गत नोंदी बदलतात आणि ब्लॉक प्रत्यक्ष हलवत नाहीत, त्यांत प्रत काही क्षणांत तयार होते. पण चार फिरत्या डिस्कची रेड ५ (एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकवणारी जोडणी) असलेल्या स्वस्त पेटीत प्रत्येक ब्लॉक खरोखर वाचला जातो आणि खरोखर लिहिला जातो. अशा पेटीत ऑफलोड चालू करूनही दिवसा दुपारी प्रत काढली तर ईआरपी मंदावेल, आणि दोष नेटवर्कला देता येणार नाही. आपल्याकडे दहा गिगाबिटचा स्विच आणि संथ डिस्क असतील, तर ऑफलोडने वेळेत फारसा फरक पडणार नाही, हे आधीच ओळखून अपेक्षा ठेवावी.

पेटीला हे येते का, ते विचारणे

माहितीपत्रकावर विसंबण्यापेक्षा पेटीलाच विचारावे. कोणत्याही लिनक्स सर्व्हरवर ओपन-आयस्कझी आणि एसजी३-युटिल्स ही दोन पॅकेज बसवून पेटीवरचे दोन छोटे, रिकामे, केवळ चाचणीसाठी केलेले लन जोडून घ्यावेत. त्यानंतर एसजी-इन्क ही आज्ञा त्या लनवर चालवली की इन्क्वायरीचे, म्हणजे उपकरणाला त्याची ओळख विचारण्याच्या आज्ञेचे, उत्तर दिसते, आणि त्यात ३पीसी नावाच्या खुणेपुढे १ असेल तर पेटी तिसऱ्या पक्षाच्या कॉपीला तयार आहे असे समजावे. ० असेल तर एकदा पेटीच्या व्यवस्थापन पृष्ठावर ही सोय बंद ठेवलेली नाही ना, हे पाहावे. तेथेही काही नसेल तर या पेटीपुरता विषय संपला.

१ दिसल्यावर एसजी-व्हीपीडीने ८३ क्रमांकाचे ओळखपृष्ठ (हा क्रमांक एक्सकॉपीच्या क्रमांकासारखा असला तरी वेगळा) वाचावे. एक्सकॉपीच्या आज्ञेत स्रोत आणि लक्ष्य हे सर्व्हरवरच्या उपकरणाच्या नावाने दिले जात नाहीत, तर या पृष्ठावरच्या जागतिक ओळखक्रमांकाने दिले जातात, म्हणून दोन्ही लनना स्वतंत्र आणि स्थिर एनएए क्रमांक (या जागतिक ओळखक्रमांकाचा एक प्रकार) असणे अनिवार्य आहे. क्लोन करून बनवलेल्या लनांना चुकून सारखाच क्रमांक राहिला असेल, तर पेटी कोणत्या लनवर लिहील याचा भरवसा नाही, आणि असे लन दिसताच पुढचे सगळे काम थांबवावे. ओळखपृष्ठ ठीक असेल तर एसजी-कॉपी-रिझल्ट्सला पेटीच्या मर्यादा विचाराव्यात : एका आज्ञेत स्रोत-लक्ष्याची आणि तुकड्यांची किती वर्णने चालतात, एका तुकड्याची कमाल लांबी किती. हे आकडे वहीत लिहून ठेवावेत, कारण फर्मवेअर (पेटीचे आतले सॉफ्टवेअर) बदलल्यावर त्यांची तुलना करावी लागते.

जुन्या संगणकावर सराव

चालू कारखान्याच्या पेटीवर पहिला प्रयोग करण्याचे कारण नाही. लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यात) एलआयओ नावाचे आयस्कझी टार्गेट, म्हणजे साध्या संगणकाला स्टोरेज पेटी बनवणारी सोय, आहे आणि ते एक्सकॉपी समजते, त्यामुळे राजारामपुरीत दुरुस्तीच्या दुकानात मिळणारा जुना डेस्कटॉप आणि दोन हार्ड डिस्क एवढ्यावर सगळा सराव होतो. त्या संगणकावर एलव्हीएम या लिनक्सच्या डिस्क-विभागणीच्या साधनाने प्रत्येकी २० जीबीचे दोन व्हॉल्यूम करावेत, टार्गेटसीएलआय या एलआयओच्या साधनात जाऊन त्यांची ब्लॉक प्रकारची बॅकस्टोअर (लनमागची प्रत्यक्ष साठवण) बनवावीत आणि ती एकाच टार्गेटखाली दोन लन म्हणून मांडावीत. बॅकस्टोअरच्या गुणधर्मांत इम्युलेट-३पीसी हा गुणधर्म १ आहे याची खात्री करावी. तो मुळातच १ असतो, पण कोणीतरी सुरक्षेसाठी ० केलेला असू शकतो. शेवटी सर्व्हरच्या इनिशिएटरचे (आयस्कझीने पेटीशी बोलणाऱ्या बाजूचे) नाव परवानगीच्या यादीत घालावे आणि ३२६० हे पोर्ट फायरवॉलमध्ये फक्त त्या सर्व्हरपुरते उघडावे.

सर्व्हरच्या बाजूने आयस्कझी-अ‍ॅडमने शोध घेऊन लॉगिन केले की दोन नव्या डिस्क दिसतात. पहिल्या डिस्कवर काही गिगाबाइट अर्थपूर्ण डेटा लिहावा. नुसती शून्ये लिहिली तर प्रत बरोबर झाली की मुळीच झाली नाही, हे ओळखता येत नाही. मग एसजी-एक्सकॉपी चालवावी. तिची मांडणी जुन्या डीडी या लिनक्सच्या कॉपी आज्ञेसारखीच आहे : आयएफपुढे स्रोत, ओएफपुढे लक्ष्य, बीएसपुढे ब्लॉकचा आकार आणि काउंटपुढे ब्लॉकची संख्या. ब्लॉकचा आकार लनच्या खऱ्या ब्लॉकइतकाच, म्हणजे बहुधा ५१२ किंवा ४०९६, द्यावा लागतो. आज्ञा स्रोताकडे पाठवायची की लक्ष्याकडे, हेही तिला सांगता येते, आणि एका बाजूने नकार मिळाला तर दुसऱ्या बाजूने पाठवून पाहावे.

स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल ही येथली सर्वांत महागडी चूक ठरू शकते, कारण ही आज्ञा कोणत्याही फाइल सिस्टिमला विचारत नाही आणि लक्ष्यावर जे असेल त्यावर सरळ लिहीत जाते. म्हणून डिस्कची बदलणारी लहान नावे न वापरता ओळखक्रमांकावरून बनलेली लांब नावेच वापरावीत. लक्ष्य लन कोठेही माउंट केलेला (वापरासाठी जोडलेला) नसावा. स्रोतही माउंट केलेला नसावा हे उत्तम; तसे शक्य नसेल तर निदान फाइल सिस्टिम गोठवून घ्यावी, नाहीतर मेमरीत असलेले पण पेटीपर्यंत न पोहोचलेले लेखन प्रतीत येणार नाही आणि प्रत अर्धवट निघेल.

एलआयओच्या या सरावातून एक गैरसमजही दूर होतो. एलआयओ काही जादू करत नाही. ते त्या जुन्या संगणकाच्या आतच एका व्हॉल्यूममधून वाचते आणि दुसऱ्यात लिहिते, म्हणजे डिस्कचे दिवे तितकेच लुकलुकतात, फक्त नेटवर्क मोकळे राहते. शिवाय एलआयओला ओडीएक्सची टोकन पद्धत येत नाही, त्यामुळे विंडोजचा सराव यावर होणार नाही.

सर्व्हर आणि हायपरव्हायजर

लिनक्सवर सीपी या साध्या कॉपी आज्ञेने आयस्कझी डिस्कवरची फाइल कॉपी केली तर ती आपोआप पेटीकडे सोपवली जाईल, अशी अपेक्षा ठेवू नये. एक्सएफएस किंवा बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमवर रिफलिंकमुळे (दोन फाइलनी तेच ब्लॉक वाटून घेतल्यामुळे) प्रत झटकन होते, आणि कोअरयुटिल्स ९.० पासून सीपी तसा प्रयत्न आपण होऊन करतो, पण ती फाइल सिस्टिमची आतली सोय आहे. तिचा पेटीशी संबंध नाही आणि दोन वेगळ्या लनमध्ये ती चालतही नाही. ब्लॉक पातळीवरची कॉपी हवी असेल तर एसजी-एक्सकॉपीसारखे साधनच हाताने वापरावे लागते.

व्हीएमवेअरमध्ये काम सोपे आहे. प्रगत सेटिंगमधील डेटामूव्हर विभागात हार्डवेअर-अ‍ॅक्सेलरेटेड-मूव्ह याची किंमत १ असावी, आणि ईएसएक्ससीएलआयने त्या उपकरणाची व्हीएएआय स्थिती विचारली असता क्लोनपुढे सपोर्टेड असे उत्तर यावे. एका आज्ञेत पाठवला जाणारा तुकडा मुळात ४ एमबीचा असतो आणि तो १६ एमबीपर्यंत वाढवता येतो, मात्र पेटीच्या निर्मात्याने सुचवले असेल तरच तो वाढवावा. इतके सगळे असूनही काही प्रसंगी हायपरव्हायजर (व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर, येथे व्हीएमवेअर) न बोलता जुन्या पद्धतीने कॉपी करतो : मशीनवर स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीची जपलेली नोंद) असेल, दोन डेटास्टोअर (मशीनच्या डिस्क ठेवण्याच्या जागा) वेगवेगळ्या पेट्यांवर असतील, त्यांचे ब्लॉकचे आकार वेगळे असतील, किंवा ईगर-झीरोड-थिक (सगळी जागा आधीच राखून शून्यांनी भरलेल्या) डिस्कची थिन (लागेल तशी जागा घेणारी) प्रत काढायची असेल तेव्हा. आपल्याकडच्या कार्यालयांत यातले स्नॅपशॉटचे कारण पहिले तपासावे. अपग्रेडच्या आधी घेतलेला आणि नंतर सगळ्यांच्या विस्मरणात गेलेला स्नॅपशॉट पुष्कळ मशीनवर बसून असतो.

विंडोजमध्ये रजिस्ट्रीतील फाइलसिस्टम या कळीखाली फिल्टर-सपोर्टेड-फीचर्स-मोड ही किंमत पाहावी. येथे ० म्हणजे ओडीएक्स चालू आणि १ म्हणजे बंद, व्हीएमवेअरच्या नेमके उलट. दोन्ही यंत्रणा एकाच रात्री बदलणाऱ्याने हे कागदावर लिहून जवळ ठेवावे. व्हॉल्यूम एनटीएफएस असावा आणि त्यावर बिटलॉकर, डीडुप्लिकेशन किंवा कॉम्प्रेशन नसावे. २५६ केबीपेक्षा लहान फाइल कधीच ऑफलोड होत नाहीत, त्यामुळे हजारो छोट्या ड्रॉइंगच्या फोल्डरवर हा प्रयोग करून निराश होण्यात अर्थ नाही. मोठ्या व्हर्च्युअल डिस्कच्या फाइलवर करावा. एवढे करूनही काही होत नसेल तर संशय अँटिव्हायरसवर घ्यावा. फाइल सिस्टिमवर बसलेला एखादा फिल्टर ड्रायव्हर ऑफलोडचे वाचन आणि लेखन दोन्ही आपल्याला चालते असे जाहीर करत नसेल, तर विंडोज त्या व्हॉल्यूमवर ओडीएक्स वापरतच नाही. एफएलटीएमसीने फिल्टरांची यादी काढली की प्रत्येकापुढे त्याला चालणाऱ्या सुविधांचा आकडा दिसतो, आणि वाचन-लेखन दोन्हीसाठी त्यात ३ हा आकडा यावा लागतो.

खरोखर ऑफलोड होते आहे का

ही पायरी कोणी टाळू नये. कॉपी पूर्ण झाली म्हणजे ऑफलोड झाली असे नाही, कारण पेटीने नकार दिला तर व्हीएमवेअर आणि विंडोज कोणताही संदेश न दाखवता जुन्या मार्गावर येतात, आणि वापरणारा मात्र सोय चालू आहे या समजुतीत राहतो. घड्याळावरूनही निश्चित कळत नाही, कारण पेटीवर दुसरे काम चालू असेल तर ऑफलोडही सावकाश होते.

खरे उत्तर नेटवर्कच्या मापात असते. कॉपीच्या आधी आणि नंतर आयस्कझीच्या नेटवर्क कार्डावरून गेलेल्या-आलेल्या बाइटचा आकडा लिहून घ्यावा. लिनक्सवर आयपी या आज्ञेच्या आकडेवारीतून, विंडोजवर परफॉर्मन्स मॉनिटरमधून, आणि स्विच व्यवस्थापनयोग्य असेल तर त्याच्या पोर्टच्या आलेखावरून तो मिळतो. १० जीबीची प्रत जुन्या मार्गाने निघाली तर आत सुमारे १० जीबी आणि बाहेर सुमारे १० जीबी दिसतील. ऑफलोड झाली असेल तर केवळ आज्ञांचीच ये-जा झालेली असल्याने आकडा त्यापुढे नगण्य असेल. व्हीएमवेअरवर याहून थेट पुरावा ईएसएक्सटॉपमध्ये मिळतो : डिस्क उपकरणांच्या पडद्यावर व्हीएएआयचे रकाने चालू केले की यशस्वी क्लोन आणि फसलेले क्लोन वेगवेगळे मोजलेले दिसतात. फसलेल्यांचा आकडा वाढत असेल तर पेटी आज्ञा स्वीकारून मग नाकारते आहे, आणि हा आकडा विक्रेत्याला कळवताना फार उपयोगी पडतो.

त्यानंतर प्रत बरोबर आहे का, ते पाहावे. दोन्ही लनचा शा-२५६ (डेटाचा गणिती ठसा) काढून तुलना करणे सर्वांत खात्रीचे आहे, मात्र त्यासाठी सर्व्हरला दोन्ही लन पूर्ण वाचावे लागतात आणि तो सगळा डेटा नेटवर्कवरून येतो, म्हणून ही तपासणी सरावाच्या लनवर करावी, रोज नव्हे. तपासण्याआधी सर्व्हरच्या मेमरीतील लक्ष्य डिस्कची जुनी पाने ब्लॉकडेव्हच्या फ्लशबफ्सने काढून टाकावीत. पेटीने आतल्या आत बदललेले ब्लॉक सर्व्हरला माहीत नसतात, आणि तो जुन्याच पानांवरून उत्तर देऊ शकतो.

प्रत वापरात आणताना

ब्लॉक पातळीवरची प्रत इतकी हुबेहूब असते की तीच अडचण होते. एक्सएफएसची प्रत मूळ जोडलेल्याच सर्व्हरवर माउंट करायला गेल्यास यूयूआयडी (फाइल सिस्टिमची ओळखखूण) आधीच वापरात असल्याचे सांगून ती नाकारली जाते. तेथे तात्पुरते नोयूयूआयडी हा पर्याय द्यावा किंवा एक्सएफएस-अ‍ॅडमने नवा यूयूआयडी घालावा. एलव्हीएम असल्यास व्हीजी-इम्पोर्ट-क्लोनने प्रतीला नवे नाव आणि नव्या ओळखी द्याव्यात. विंडोजमध्ये सारखीच डिस्क सिग्नेचर दिसली तर दुसरी डिस्क ऑफलाइन राहते. यांपैकी कोणतीही अडचण आली म्हणजे प्रत बिघडली असे समजून ती पुन्हा काढत बसू नये.

सुरक्षेबद्दल एक ठोस गोष्ट पाळावी. एलआयओच्या एक्सकॉपीत सीव्हीई-२०२०-२८३७४ या क्रमांकाची त्रुटी सापडली होती : आज्ञेतील ओळखक्रमांक त्या इनिशिएटरला दिलेल्या लनांपुरताच मर्यादित आहे की नाही हे तपासले जात नव्हते, त्यामुळे एकच लन मिळालेला सर्व्हर दुसऱ्याच्या लनवरही वाचू-लिहू शकत होता. ५.१०.७ या कर्नलमध्ये ती दुरुस्त झाली. बाजारातल्या अनेक लहान पेट्यांच्या आत लिनक्सच असतो, म्हणून पेटीचे फर्मवेअर त्यानंतरचे आहे का, हे विक्रेत्याला लेखी विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत वेगवेगळ्या विभागांचे किंवा वेगवेगळ्या कंपन्यांचे लन असलेल्या पेटीवर ही सोय बंदच ठेवावी. आयस्कझीसाठी वेगळा व्हीलॅन (स्विचवरचे स्वतंत्र आभासी नेटवर्क) आणि चॅप (पासवर्डने ओळख पटवण्याची सोय) असावेच.

येथे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको, पण तरीही लिहून ठेवतो : ऑफलोडने निघालेली प्रत मूळ डेटाच्याच पेटीत राहते, म्हणून ती बॅकअप नव्हे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरात पाणी तिच्या बरेच वर गेले, तेव्हा शिरोलीजवळचा महामार्गही बंद पडला होता. तळमजल्यावरच्या पेटीतल्या दहा प्रतीही तळमजल्यावरच असतात. आपल्या पेटीतून दूरच्या पेटीत जाणारी प्रत एक्सकॉपीने सहसा होत नाही. तिच्यासाठी पेटीची रेप्लिकेशनची सोय किंवा नेहमीचे बॅकअप सॉफ्टवेअर लागते. ऑफलोडचा तेथे अप्रत्यक्ष उपयोग मात्र चांगला आहे : साप्ताहिक सुट्टीच्या रात्री चालू लनची प्रत पेटीतल्या पेटीत काढावी, आणि मग बॅकअप सॉफ्टवेअरला चालू लनऐवजी त्या शांत प्रतीवरून सावकाश वाचू द्यावे.

पेटीचे फर्मवेअर किंवा हायपरव्हायजरची आवृत्ती बदलल्यावर वहीतल्या मर्यादा पुन्हा वाचून नेटवर्कच्या बाइटची तीच १० जीबीची चाचणी पुन्हा करावी. एखाद्या अपडेटनंतर कॉपी मध्येच अडकू लागली किंवा प्रतीत फरक आढळला, तर प्रथम सोय बंद करावी. व्हीएमवेअरवर मूव्हची किंमत ०, विंडोजवर मोडची किंमत १, आणि एलआयओवर इम्युलेट-३पीसी ०. व्हीएमवेअरमध्ये यासाठी सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागत नाही. सोय बंद असताना तीच कॉपी जुन्या मार्गाने सुरळीत झाली, तर दोष पेटीच्या एक्सकॉपीत असण्याची शक्यता मोठी आहे, आणि विक्रेत्याकडे तक्रार नोंदवताना ही तुलना, फसलेल्या क्लोनचा आकडा आणि फर्मवेअरची आवृत्ती, या तीन गोष्टी सोबत द्याव्यात.